टॉवर उतरवण्याआधी एकदा दूध डेअरीवर जाऊन या

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी महाविद्यालयाचं सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे आसपासच्या गावांपुरतं छोटं एफएम केंद्र आहे. ते सुरू होऊन ९ वर्षं झाली. दोन पगारी माणसं आणि चार-पाच विद्यार्थी ते चालवतात. रोज १० तास प्रसारण होतं, पण त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गाणी आणि जुन्या कार्यक्रमांचं पुनःप्रसारण. श्रोत्यांचे फोन कमी झालेत. संस्थेच्या बैठकीत एका संचालकांनी विचारलं, "आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, मग टॉवर कशाला पोसायचा? यूट्यूब चॅनल काढा, पॉडकास्ट करा, निवेदन एआयकडून करून घ्या." पुढच्या बैठकीत तुम्हाला उत्तर द्यायचंय, आणि यातलं आधी काय करावं असं तुम्ही विचारता.

मी आकाशवाणीवर ७ वर्षं नैमित्तिक निवेदक होते, मग ९ वर्षं एका खासगी एफएमवर, आणि गेली ११ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यात सामुदायिक रेडिओचं काम करते. तुमच्या संचालकांसारखा प्रश्न मला तिन्ही ठिकाणी ऐकायला मिळाला. त्यामुळे मी तुमचा प्रश्न जरा वेगळा मांडून बघते. आज तुमच्या गावात सकाळी साडेसहाला एखाद्या माणसाने रेडिओ लावला नाही, तर त्याचं काय अडतं? माझा अंदाज, काहीच अडत नाही. फोन त्यामुळे थांबलेत. जे ऐकलं नाही तरी चालतं, ते तुम्ही यूट्यूबवर टाकलंत तरी लोक ऐकणार नाहीत.

याला आपल्याकडेच जुना दाखला आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं निस्सीम प्रेम. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळपास बंद झाली. श्रोते उठले आणि थेट रेडिओ सिलोनवर गेले. कोलंबोहून लघुलहरींवर येणारा तो आवाज कधी खरखरायचा, कधी मधेच बुडायचा, तरी लोक त्याला कान लावून बसायचे. घरातला रेडिओ तोच होता, आकाशवाणी जास्त स्वच्छ ऐकू येत होती, पण लोकांना हवं ते तिथे नव्हतं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. माध्यम बदललं म्हणून आपले श्रोते गेले असं कुणी म्हणालं की मला ही गोष्ट आठवते.

आता गाण्यांबद्दल स्पष्टच बोलते. आकाशवाणीवर मी 'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी आलेली पोस्टकार्डं निवडत बसायचे. गठ्ठेच्या गठ्ठे यायचे, कारण आवडीचं गाणं हवं तेव्हा ऐकायचा दुसरा मार्ग बहुतेकांकडे नव्हता. आज तो मार्ग प्रत्येकाच्या खिशात आहे. गाणी पुरवण्याचं रेडिओचं काम संपलं आहे हे मान्य करायला मला स्वतःला पुष्कळ वर्षं लागली. तुमच्या १० तासांतली गाणी ही वेळ भरण्यासाठी आहेत, आणि श्रोत्याला ते लगेच कळतं.

मग उरतं काय? हात कामात गुंतलेल्या माणसाचे मोकळे कान, ठरलेली वेळ आणि ओळखीचा आवाज. हे तीनही जिथे जुळून येतात तिथे लहान केंद्राला आजही मोठी जागा आहे. ती जागा शोधायला स्टुडिओ सोडून बाहेर पडावं लागतं.

आमच्याकडेही फोन बंद झाले होते, तेव्हा मी आठ दिवस पहाटे दूध डेअरीवर जाऊन उभी राहिले. सहा ते आठ या वेळात किटल्या घेऊन माणसं रांगेत असतात. दूध मोजलं जातं, फॅट लागते, पावती मिळते. कुणाच्या हातात मोबाइल नसतो, असला तरी तो बघायला हात रिकामा नसतो. मी वही घेऊन एवढंच टिपत होते की लोक एकमेकांना काय विचारतात. जनावरांच्या दवाखान्यात लस आली का? आज टँकर कुठल्या वस्तीवर जाणार? सकाळची एसटी बंद आहे म्हणतात, खरं का? बाजार समितीत काल कांदा काय गेला? आमच्या केंद्रावर त्या वेळी काय चालू असायचं, तर भक्तिगीतं आणि एका जुन्या व्याख्यानाचं पुनःप्रसारण. त्या आठ दिवसांतल्या वहीवरून आम्ही सकाळचा पाऊण तास नव्याने बांधला. पशुवैद्यकीय दवाखाना, पंचायत समिती, एसटी आगार आणि बाजार समिती या चार ठिकाणी रोज संध्याकाळी फोन करायचा आणि सकाळी ६.४० ते ७.२५ या वेळात सगळं थेट सांगायचं. डेअरीच्या माणसाला आम्ही एक साधा रेडिओ आणि लहान स्पीकर नेऊन दिला. त्याने तो फॅटच्या मशीनशेजारी ठेवला. फोन परत यायला त्यानंतर सुरुवात झाली.

इथे एक खबरदारी घ्या. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देण्याची मुभा नाही. पण हवामान, वाहतूक, वीज-पाण्याच्या सार्वजनिक सूचना, प्रशासनाने दिलेले आरोग्याचे आणि आपत्तीचे इशारे, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या संधी, जत्रा-उत्सव हे बातम्यांमध्ये धरलं जात नाही. गावाला रोज लागणारं बरंचसं यात बसतं. पाण्याची सूचना द्या, पाणी का आलं नाही यावर राजकीय चर्चा घडवू नका.

आमचा दुसरा कार्यक्रम मला सगळ्यात प्रिय आहे. शेतीपंपाची वीज आमच्या भागात पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणसं दहा-अकराला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात. एकटा माणूस, काळोख, पायाखाली चिखल, मनात साप आणि बिबट्या. हात ओले आणि मातीने भरलेले, म्हणून मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात. पडद्याकडे बघायची सोयच नाही. एका श्रोत्याने मला रस्त्यात गाठून सांगितलं, "रात्री तुमचं सगळं बंद असतं. आम्ही तर तेव्हाच जागे असतो." आम्ही रात्री साडेआठला प्रसारण संपवून कुलूप लावत होतो आणि आमचे श्रोते त्यानंतर दोन तासांनी कामावर निघत होते!

तेव्हापासून रात्रपाळीच्या आठवड्यात १० ते ११.३० थेट कार्यक्रम असतो. बॅटरी, पेनड्राइव्ह आणि एफएम एकत्र असलेले स्वस्त छोटे रेडिओ आठवडी बाजारात मिळतात. बरेच जण तो कमरेला किंवा बांधावरच्या झाडाला अडकवतात. कार्यक्रमात फार काही भरलेलं नसतं. कुठल्या फीडरवर, म्हणजे विजेच्या कुठल्या लाइनवर वीज आली, कुठे गेली. शेतातून फोन करून कुणी अभंग म्हणतो, कुणी शेजारच्या शिवारातल्या भावकीला हाक मारतो. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलावून साप चावला तर काय करायचं हे आम्ही अनेकदा सांगितलंय: जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, माणसाला शांत ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. हाच मजकूर दुपारी दिला असता तर कानावरून गेला असता. रात्री चिखलात उभा असलेला माणूस तो अक्षरन् अक्षर ऐकतो.

तुमच्याकडे डेअरी नसेल, कापसाचं जिनिंग असेल. वीज पाळीने नसेल, पण ऊसतोडीला गेलेल्या माणसांची रिकामी घरं आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं असतील. त्यामुळे आमचा कार्यक्रम उचलू नका, आमचं टिपण काढणं उचला. आणखीही काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. आपल्या केंद्रांच्या प्रक्षेपणशक्तीची मर्यादा १०० वॅट, म्हणजे सपाट मुलुखात साधारण १० ते १५ किलोमीटर. मधे डोंगर असेल तर तेवढंही नाही. तुमच्या टप्प्यातल्या वाड्यांवर मोबाइलचं नेटवर्क कसं आहे? घरातला मोबाइल दुपारी कुणाकडे असतो? आमच्याकडे तो नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर बाहेर जातो आणि बाईकडे रेडिओ उरतो. तुमच्याकडे बायकांचे स्वतःचे फोन असतील तर दुपारचं गणित वेगळं होईल.

फोनवरच्या रेडिओबद्दलही एक गैरसमज असतो. एफएम असलेल्या मोबाइलमध्ये इअरफोनची वायरच अँटेनाचं काम करते. आता वायरचे इअरफोन गेले, अनेक फोनमधलं त्यांचं भोकही गेलं आणि कित्येक फोनमध्ये एफएम बंदच असतं. २०२३ साली केंद्र सरकारने मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली होती, ती यामुळेच. म्हणजे तुमचे काही श्रोते तुमच्यावर रुसून गेलेले नाहीत, त्यांच्या नव्या फोनवर तुम्ही लागतच नाही. त्यांच्यासाठी इंटरनेटवरचं थेट प्रसारण जरूर सुरू करा. पुण्याला आणि मुंबईला गेलेली तुमच्या गावची मुलंही त्यावर येतील. पण हे मूळ केंद्राला जोडून करायचं काम आहे.

आता यूट्यूब आणि पॉडकास्ट. करा, पण त्यासाठी वेगळे कार्यक्रम बनवू नका. दोन माणसांत ते निभणार नाही, सहा महिन्यांत दोघंही थकतील. रेडिओसाठी जे करताय तेच दोनदा वापरता येईल अशा पद्धतीने ध्वनिमुद्रित करा. आम्ही मुलाखत स्वतंत्र ट्रॅकवर घेतो आणि निवेदन स्वतंत्र. मुलाखतीखाली संगीत चढवत नाही. मुलाखतीत 'आज', 'उद्या', 'गेल्या सोमवारी' असे शब्द टाळायला पाहुण्याला आधीच सांगतो, वेळ-वार निवेदकाने सांगायचा. मग त्याच मुलाखतीतून चार-पाच मिनिटांचा एकच मुद्दा कापून बाहेर देता येतो. शीर्षक 'कृषिजगत भाग ४३' असं देऊ नका, ते कुणीही शोधणार नाही. 'कपाशीत कामगंध सापळे (किडीचे पतंग वासाने ओढून पकडणारे) कधी लावायचे' हे शोधतील. जूनमध्ये बीजप्रक्रियेचा तुकडा, ऑक्टोबरात हरभऱ्याच्या पेरणीचा, असा साठा दरवर्षी उपयोगी पडतो. मात्र औषधांच्या शिफारशी बदलतात, काहींवर बंदी येते. म्हणून फाइलच्या नावात तारीख घाला आणि पुन्हा लावण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

साठ्याचं मी इतकं बोलते त्याला कारण आहे. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे. एका केंद्रावर आम्ही तेवढाच पाळला, तीन महिने झाले की त्याच डिस्कवर नवं मुद्रण. ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी आमच्यासाठी जात्यावर बसून सलग तासभर ओव्या म्हटल्या होत्या. त्या पुसल्या गेल्या. पुन्हा मुद्रण करायला गेले तेव्हा आजी नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. प्रत्येक तालुक्यात असं काम अजून शिल्लक आहे आणि मायक्रोफोन आपल्याच हातात आहे. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवा.

पॉडकास्टमध्ये एक कायदेशीर खड्डा आहे आणि अनेक केंद्रं त्यात पडली आहेत. रेडिओवर चित्रपटगीत लावण्यासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ डी मध्ये ठरलेलं मानधन भरून प्रसारण करण्याची तरतूद आहे. तीच तरतूद इंटरनेटवर लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे गाण्यांचं अ‍ॅप यांच्या खटल्यात दिला आणि २०२२ साली खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे गाण्यांसकट अख्खा कार्यक्रम यूट्यूबवर चढवणं तुम्हाला महागात पडू शकतं. इंटरनेटवरच्या थेट प्रसारणातही गाण्यांच्या वेळी हाच प्रश्न येतो, तो संस्थेच्या वकिलांना विचारूनच सोडवा. त्यापेक्षा गावची भजनी मंडळं, भारुडं, पोवाडे, ओव्या स्वतः मुद्रित करा. शब्द पारंपरिक असले तरी गाणाऱ्याचा त्याच्या गायनावर हक्क असतो. म्हणून एका पानावर साध्या मराठीत संमती घ्या, वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर असं: आधी लोकांची वेळ शोधा, त्या वेळेला आजचं आणि इथलं द्या, त्यातूनच तुकडे कापून मोबाइलवर पाठवा.

पाठवायला व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यात सोपं. आमचा खरा फायदा मात्र उलट दिशेने झाला, लोकांकडून येणाऱ्या आवाजामुळे. ज्यांना थेट कार्यक्रमात बोलायला संकोच वाटतो, ते व्हॉइस नोट निवांत पाठवतात. बायकांचं प्रमाण तर एकदम वाढलं. वाऱ्यात उभं राहू नका, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, पंखा बंद करा, या तीन सूचना आम्ही रोज देतो. आलेल्या नोटमधलं नाव हवेवर घ्यायचं की नाही हे त्या बाईला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, हा आमचा पक्का नियम आहे.

१० तासांचं काय करायचं? ताजे तास तीन करा आणि त्यांवर जीव ओता. बाकीच्या वेळेत त्या तासांचं पुनःप्रसारण चालेल. पण एकूण वेळ कमी करण्याआधी परवानगीच्या करारातल्या अटी वाचा. किमान निम्मा मजकूर स्थानिक आणि लोकांच्या सहभागाने बनलेला असावा ही धोरणातलीच अपेक्षा आहे, तिचाही आधार तुम्हाला बैठकीत घेता येईल.

एआय निवेदकाबद्दल माझं मत ठाम आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये पोलंडच्या क्राकुफ शहरातल्या ऑफ रेडिओ क्राकुफने निवेदकांना काढून त्यांच्या जागी एआयने बनवलेली पात्रं आणली. २०१२ साली वारलेल्या नोबेलविजेत्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची 'मुलाखत'सुद्धा प्रसारित केली. लोक इतके संतापले की आठवडाभरात प्रयोग गुंडाळावा लागला. मुद्रणातला गोंगाट काढायला, मुलाखत लिहून काढायला एआय जरूर वापरा, दोन माणसांचा खूप वेळ वाचतो. पण तुमच्या भागात "लस आली आहे" हे सांगणारा आवाज कुणाच्या तरी लेकीचा आहे म्हणून लोक गाय घेऊन निघतात. तो विश्वास विकत मिळत नाही.

पैशाचं थोडक्यात. सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ७४ रुपये झालाय आणि तासाला ७ ऐवजी १२ मिनिटं जाहिरातींना मिळतात. त्या जाहिराती नियमित येतीलच असं धरून अंदाजपत्रक करू नका. स्थानिक दुकानदाराला 'आमचे इतके श्रोते' असं सांगू नका, तो विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. कृषी सेवा केंद्रवाल्याला सकाळच्या सूचनांच्या अगदी आधीची जागा द्या आणि त्याच्यासाठी वेगळा मिस्ड कॉल नंबर ठेवा. महिनाअखेरीला त्या नंबरवर आलेल्या कॉलची यादी त्याच्यापुढे ठेवा. आमचा एक मंगल कार्यालयवाला अशी यादी बघून तीन वर्षं टिकला.

राहिला टॉवर. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण लहान स्थानिक केंद्रं तिथे एफएमवर चालू राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४च्या अखेरीस एफएम बंद केलं. त्यांच्याकडे डिजिटल रेडिओचं जाळं आधीपासून उभं होतं, तरीही श्रोते लक्षणीय घटले. आपल्या तालुक्यात तर तसं जाळंच नाही. शिवाय ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि कोकणातल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस बंद होते. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ आणि जनरेटरवर चालणारा १०० वॅटचा ट्रान्समीटर एवढंच गावाशी बोलू शकतं. मराठवाड्यात चक्रीवादळ येणार नाही, गारपीट आणि अतिवृष्टी येते.

म्हणून बैठकीला जाताना सादरीकरण वगैरे करत बसू नका. उद्यापासून पंधरा दिवस तुम्ही आणि विद्यार्थी पहाटे डेअरीवर, दुपारी घराघरांत आणि रात्री शिवारात जा आणि लोक एकमेकांना काय विचारतात ते लिहा. ती वही त्या संचालकांच्या हातात द्या. जमलं तर त्यांनाच एका सकाळी बरोबर न्या. वही भरली की मला कळवा, वेळापत्रक आपण एकत्र बसून लावू.